हौसिंगमधलं उसनं तेल

महाडच्या बाजारात मला अजूनही लोक अडवतात आणि तोंडाने आवाज काढून दाखवतात. माझ्या हातात भाजीची पिशवी असते, आणि समोरचा भला माणूस म्हणतो, "मिस्त्री, जोरात असताना घुंऽऽ येतो आणि पाय काढला की घर्रर्र होतं." आजूबाजूच्या बायका बघत राहतात. गॅरेज बंद करून मी घरी बसलो, तरी लोकांच्या लेखी मी अजून गाडीखालीच आडवा पडलेलो आहे. खरं सांगायचं तर मला ते आवडतं. स्वतःच्या पोटात दुखत असेल तर माणूस डॉक्टरला चारचौघांत विचारत नाही, पण गाडीच्या पोटात दुखलं की त्याला लाज राहत नाही.

इंजिनाचे मिस्त्री आमच्याकडे पुष्कळ होते आणि त्यांचा मानही मोठा. मी डिफरन्शियलचा. ट्रकच्या मागे वाकून पाहिलंत तर दोन्ही बाजूंच्या चाकांच्या मधोमध धुऱ्याला भोपळ्याएवढा फुगवटा दिसेल. त्याला आम्ही हौसिंग म्हणतो. त्याच्या आत हे यंत्र तेलात बुडालेलं असतं. ट्रक, डंपर, क्रेन, जे जे ओझं घेऊन घाट चढतं ते ते कधी ना कधी माझ्या दारात यायचं. महाडला नदी आणि पोलादपूरला घाट, त्यामुळे धंद्याला मरण नव्हतं.

हे यंत्र करतं काय, असं कुणी विचारलं की मी त्याला खळ्यातली मळणी आठवायला सांगायचो. मधल्या खांबाभोवती बैल एका दावणीत फिरतात. खांबाजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी पाय उचलतो आणि कडेच्या बैलाच्या तोंडाला फेस येतो. गाडी वळणावर आली की चाकांचं हेच होतं. आतल्या चाकाला थोडं चालायचं असतं, बाहेरच्याला पुष्कळ. दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर घट्ट बसवली तर एकाला फरपटत जावं लागेल, मग टायर तरी जाईल नाहीतर दांडा तरी. म्हणून दांड्याचे दोन तुकडे करतात आणि त्यांच्यामध्ये चार लहान दातेरी चक्रं बसवतात. सरळ रस्त्यावर ही चौघं मांडवातल्या जावयांसारखी नुसती बसून असतात. वळण आलं की कामाला लागतात आणि ज्या बाजूला जितकं फिरायला हवं तितकं वाटून देतात. या चौघांना बाहेरून फिरवणारी जी मोठी जोडी असते, ती क्राऊन आणि पिनियन. आवाज सरळ रस्त्यावर येत असेल तर दुखणं या मोठ्या जोडीचं, फक्त वळणावर येत असेल तर लहानांचं. एवढं कळलं की अर्धा मिस्त्री झालात.

मोठ्या जोडीचे दात एकमेकांवर नेमके कुठे टेकतात, हे बघायला आम्ही तेलात शेंदूर कालवून दातांना लावायचो आणि हाताने फिरवून बघायचो. शेंदूर जिथून पुसला जाईल तिथे घर्षण. त्यामुळे मी वरचेवर बाजारपेठेतल्या एका दुकानातून शेंदूर आणायचो. दुकानदार मला मोठा मारुतीभक्त समजत असे. एका वर्षी त्याने मला न विचारता हनुमान जयंतीच्या मंडळात घातलं. शेवटी मी त्याला खरं काय ते सांगितलं. तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "असू दे हो. तोही डोंगरच उचलायचा." मंडळातून नाव मात्र काढलं नाही.

आता हे असलं काम कुणी करत नाही. आख्खं हौसिंग बदलतात, पेटीतून नवीन येतं, जुनं भंगारात जातं. वाईट आहे असं नाही, पण शेंदूर लावून, क्राऊन हळूहळू फिरवून, दात दाताला कसा भेटतो ते बघण्यात जे सुख होतं ते गेलं. माझ्याबरोबर ते सुख ज्याला कळायचं असं एकच गिऱ्हाईक होतं. बाळाराम.

बाळाराम पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीचा. घरची भातशेती होती, पण पठ्ठ्याचा जीव यंत्रात. जुन्या ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेली एक क्रेन त्याने घेतली होती आणि ती माझ्या गॅरेजसमोर उभी असायची. घाटात ट्रक कलंडला की लोक आधी बाळारामला फोन करत. त्या क्रेनचं डिफरन्शियल मी किती वेळा उघडलं असेल ते देव जाणे. तो शेजारी उकिडवा बसून बघायचा आणि बिडी विझवून कानामागे ठेवायचा, कारण मी हौसिंगजवळ राख पडू देत नसे. आमची दोस्ती अरेतुरेची आणि बहुतेक वेळा भांडणाची.

आमचं सगळ्यात मोठं भांडण झालं ते महापुराच्या वर्षी.

सावित्रीचं पाणी महाडकराला नवीन नाही. सामान माळ्यावर टाकायचं, माणसांनी वरच्या मजल्यावर जायचं, ही आमची रीतच. पण त्या वर्षीच्या पाण्याने रीतभात ठेवली नाही. ओसरलं तेव्हा माझं गॅरेज चिखलाने भरलेलं, तेलाचं पिंप वाहत जाऊन कुणाच्या तरी शेतात आडवं पडलेलं, आणि क्रेन होती तिथेच, गुडघाभर गाळात. चाकं पूर्ण बुडाली होती, इंजिन उंचावर असल्यामुळे वाचलं होतं. बाळाराम पाऊस सुरू झाल्यापासून महाडातच अडकलेला होता. वाडीत त्याची आई एकटी होती, लक्ष्मीआय. तिचे गुडघे गेलेले, काठीशिवाय अंगणातसुद्धा उतरत नसे. फोन सगळे बंद.

सकाळी वाडीतले दोघे जण चालत महाडात पोचले. अंगावर चिखल, हात दोराने सोललेले. पायवाट वाहून गेली होती म्हणून ते ओढ्यातून दोर धरून उतरले होते. त्यांनी सांगितलं की वाडीखालच्या वळणावर घराएवढी धोंड रस्त्यात येऊन बसली आहे. वाडीतली धडधाकट माणसं त्यांच्यासारखीच उतरून खालच्या गावात आलीत, पण ज्यांना चालवत नाही ती म्हातारी माणसं शाळेत बसवून ठेवलीत.

"आय ठीक हाय ना?" बाळारामने विचारलं.

"ठीक हाय. पन शाळंच्या वरचा डोंगर माती सोडतोय, बाळू. धोंड हलवल्याबिगर जीप वर जायाची नाय."

जेसीबी सगळे दुसरीकडे लागले होते, आणि ते योग्यच होतं, कारण हाहाकार एकाच गावात नव्हता. बाळाराम क्रेनवर चढला. चावी फिरवली. इंजिन खोकलं आणि सुरू झालं. माणसं ओरडली, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मी गाडीसमोर जाऊन उभा राहिलो.

"बंद कर," मी म्हटलं. "हौसिंग बघितल्याशिवाय गाडी हलणार नाही."

पुरानंतर सगळे हीच चूक करतात. इंजिन सुरू झालं म्हणजे गाडी वाचली असं धरून चालतात. हौसिंगच्या डोक्यावर हवा जायला एक बारीक भोक असतं. धुरा पाण्याखाली गेला की तिथून पाणी आत शिरतं, आणि बाहेरून काहीएक दिसत नाही.

बाळाराम खाली उतरला तो माझ्या अंगावरच आला. "माजी आय डोंगराखाली बसलीय आनि तू त्याल बघतोस? सर बाजूला!"

"रस्ता सरळ असता तर सोडलं असतं तुला. तुझ्या वाडीचा रस्ता म्हणजे नुसती वळणं. वळणावर ती चार चक्रं पाण्यात फिरतील, तापतील आणि अर्ध्या घाटात धरतील. मग धोंडेच्या अलीकडे तुझी क्रेन आडवी होईल आणि मागून येणाऱ्या कुणालाच वर जाता येणार नाही."

"नाय धरनार!"

"धरली तर?"

त्याने माझ्या सदऱ्याची कॉलर धरली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाना घेतला, चिखलात आडवा झालो आणि हौसिंगचं खालचं बूच सैल केलं. आधी सावित्रीचं तांबडं पाणी आलं. मग पाणी मिसळून दुधाळ, गढूळ झालेलं तेल. तो वाकून बघत होता.

"हा तर दुधाचा चा हाय रे," तो म्हणाला आणि क्रेनच्या टाकीतलं डिझेल काढायला गेला.

हौसिंग आतून डिझेलने धुऊन काढलं. पण भरायचं काय? तिथे इंजिनाचं तेल चालत नाही, गूळ वितळल्यासारखं जाड, नव्वद नंबरचं तेल लागतं. महाडात त्या दिवशी प्यायला पाणी नव्हतं, तिथे नव्वद नंबर कुठून येणार? सगळी दुकानं पाण्याखाली जाऊन आलेली.

पोलादपूरच्या दिशेला हायवे जिथे चढतो तिथे पाणी पोचलं नव्हतं. महाडच्या पलीकडे रस्ता बंद म्हणून घाट उतरून आलेल्या ट्रकांची तिथे रांग उभी होती. डबा घेऊन मी आणि बाळाराम तिकडे चालत गेलो. एकेका ड्रायव्हरला विचारत गेलो, तुझ्या हौसिंगमधलं तेल देतोस का. विचारताना माझी मलाच लाज वाटत होती. ड्रायव्हरकडे तेल मागणं म्हणजे त्याची गाडी जागेवर बांधून ठेवणं. बहुतेकांनी नकाराची मान हलवली, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

भंवरलाल नावाचा एक राजस्थानी ड्रायव्हर ट्रकच्या सावलीत स्टोव्हवर डाळ शिजवत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. बाळारामच्या तोंडाकडे बघितलं. स्टोव्ह बारीक केला.

"पाना है?" त्याने विचारलं.

"रस्ता खुल गया तो?" मी म्हटलं.

"तो देखेंगे. मेरी गाडी तो वैसे भी खड़ी है. इनकी मां बैठी है."

तो स्वतः ट्रकखाली गेला आणि स्वतःच्या हाताने बूच काढलं. नितळ, सोनेरी तेल डब्यात उतरत होतं. बाळाराम डबा धरून वाकला होता, म्हणून मीच आभार मानले. माझं हिंदी ऐकून भंवरलाल हसला.

क्रेन घाट चढली. मी केबिनमध्ये बाळारामशेजारी बसलो होतो. पोलादपूर सोडून वाडीच्या रस्त्याला लागल्यावर एकामागून एक वळणं आली, आणि प्रत्येक वळणावर माझा सगळा जीव पाठीमागच्या धुऱ्यात होता. आम्ही दोघंही एकमेकांशी बोलत नव्हतो. मघाचं भांडण अजून निवलं नव्हतं.

धोंडेपाशी खालच्या गावातली माणसं फावडी, पहारी घेऊन उभी होती. बाळारामने गाडी वळवून मागे घ्यायला सुरुवात केली. धोंडेला वायररोप घालायचा तर क्रेनची शेपटी अगदी जवळ न्यायला हवी होती. आणि नेमकी तिथेच गाडी थांबली. डावीकडची चाकं वरून आलेल्या ताज्या मातीत गरागरा फिरत होती, चिखल उडवत होती. उजवीकडची चाकं ढिम्म उभी.

झालं. सगळी माणसं उजव्या बाजूला धावली. "ह्यो चाक आडकलाय! उकरा, उकरा!" आणि त्यांनी फावडी चालवली सुद्धा.

"थांबा!" मी केबिनमधून उडीच टाकली. "त्या चाकाला हात लावू नका!"

डिफरन्शियलचा हा एक जन्मजात अवगुण आहे. ज्या चाकाला फिरायला कष्ट पडत नाहीत, त्यालाच ते सगळी फिरकी देऊन टाकतं. मातीत गेलेलं चाक रिकामं फिरतं आणि ज्याच्या पायाखाली घट्ट जमीन आहे ते बिचारं उभं राहतं. बघणाऱ्याला वाटतं, उभं आहे तेच अडकलंय. म्हणजे गाडी ज्याच्या जोरावर निघणार, त्याच्याच पायाखालची जमीन माणसं उकरून काढतात. हे मी घाटात आणि नदीपात्रात कितीदा पाहिलं आहे! नव्या गाड्यांना दोन्ही चाकं एकत्र बांधणारं लॉक असतं, बटण दाबलं की झालं. आमच्या क्रेनला ते नव्हतं.

ज्यांच्या हातात फावडी होती त्यांना मी डाव्या बाजूला पिटाळलं, झाडाच्या फांद्या आणून फिरणाऱ्या चाकांखाली टाकायला सांगितल्या. मी गाडीखाली शिरलो आणि डाव्या चाकाचा ब्रेक पान्याने आवळत गेलो, ते चाक जवळजवळ जाम होईपर्यंत. त्याला फिरणं जड झालं की फिरकी दुसऱ्या बाजूला जाते, एवढीच युक्ती. शहाण्या माणसाने रोज करण्यातली नव्हे. सगळा ताण त्या लहान चौघांवर येतो. डोंगरावरून बारीक खडे माझ्या पायांवर घरंगळत येत होते आणि कुणीतरी ओरडत होतं, "मिस्त्री, बाहेर या! वरून सुटतंय!"

बाहेर आलो आणि बाळारामला हात केला. "हळू. क्लच एकदम सोडू नकोस."

"माहीत हाय मला," तो म्हणाला. घाट चढायला लागल्यापासून माझ्याशी बोललेले हे त्याचे पहिले शब्द.

उजवं चाक थरथरलं. त्याने दगडावर पकड घेतली. आणि हळूच, अगदी अनिच्छेने, फिरलं. क्रेन धोंडेपाशी जाऊन टेकली. तिथून पुढचं काम बाळारामचं, आणि त्यात त्याचा हात धरणारा मी कुणी पाहिला नाही. त्याने ती धोंड उचललीच नाही. रोप घालून नुसती एका अंगावर घेतली, क्षणभर तोलली, आणि दरीच्या बाजूला सोडून दिली. खालून आवाज आला तेव्हा वाडीच्या दिशेने कुत्री भुंकायला लागली. कुत्री भुंकतायत म्हणजे वाडी जागेवर आहे, असं कुणीतरी म्हणालं. मी त्या चाकाचा ब्रेक परत सैल करेपर्यंत बाळाराम पुढे धावत सुटला होता.

मी शाळेत पोचलो तेव्हा तो आईच्या पायाशी बसला होता. लक्ष्मीआय लहान मुलांच्या बाकावर, काठी मांडीवर घेऊन, जणू एसटीची वाट बघत बसावं तशी.

"येवढा येळ लावलास?" ती त्याला म्हणत होती.

"ह्या मिस्त्रीनं थांबवलान," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बरा केलान."

आमचं भांडण तिथे मिटलं. त्याने माझी माफी मागितली नाही, मलाही ती नको होती.

"चल, उठ आये."

"मी मागनं. आदी गंगूला घ्या, तिचं पाय सुजलंत."

मागून जीप आल्या. सगळ्या म्हाताऱ्या माणसांना खालच्या गावात पोचवलं. सर्वांत शेवटी लक्ष्मीआय निघाली, आणि ती जीपमध्ये बसेना. पोराच्या गाडीतूनच जायचं म्हणाली. तिला महाडला माझ्या घरी, वरच्या मजल्यावर ठेवायचं ठरलं. दोघांनी उचलून तिला क्रेनच्या केबिनमध्ये चढवलं.

परतीच्या वाटेवर हायवे लागला आणि बाळारामने पाय ब्रेकवर ठेवला. रस्त्याची एक बाजू मोकळी झाली होती. सकाळची ट्रकांची रांग निघून गेलेली. चढावर एकच ट्रक उभा होता, आणि त्याच्या सावलीत भंवरलाल भांडी घासत होता. रस्ता खुलला, सगळे गेले, आणि हा कुणाला काही न बोलता थांबला होता. बोलून तरी काय करणार, तेल आमच्या धुऱ्यात.

बाळारामने क्रेन बाजूला घेतली, डबा काढला.

"मिस्त्री, बूच खोल."

"बाळाराम, उद्यापासून आख्खं महाड तुझ्या दारात उभं राहणार आहे. गाळातनं गाड्या काढायच्यात. तेल कधी येईल सांगता येत नाही. तोवर क्रेन इथेच पडून राहील."

"ऱ्हाऊ दे. खोल."

भंवरलाल ओले हात पुसत आला. "अरे रहने दो भाई. मां मिल गई ना? बस."

"तुमची बी आई घर पे बैठी होएंगी," बाळाराम आपल्या हिंदीत म्हणाला.

"मां तो नहीं रही," भंवरलाल म्हणाला. "एक बेटी है."

"मग तिच्यासाठी," बाळाराम मराठीत म्हणाला आणि गाडीखाली आडवा झाला.

खरोखरच तेल यायला बरेच दिवस लागले. तोवर क्रेन त्या चढावर उभी, आणि बाळाराम तिच्या केबिनमध्ये झोपायचा. गाड्या अडकलेली माणसं चालत तिथवर यायची, हात जोडायची, मग शिव्या घालून जायची. त्याने एकालाही कारण सांगितलं नाही. आता क्रेनही नाही, रस्ता रुंद झाला तेव्हा माझं गॅरेजही गेलं. आम्ही दोघं भेटलो की गुडघ्यांबद्दल बोलतो. पण कुणी मला विचारलं, मिस्त्री, आयुष्यात काय कमावलंस, तर अशा माणसाच्या गाडीखाली पडून राहिलो हेच मी सांगेन.

त्या संध्याकाळी लक्ष्मीआयला महाडला न्यायला गाडी उरली नव्हती. भंवरलालच म्हणाला, मी तिकडूनच जातोय. आम्ही तिला त्याच्या ट्रकमध्ये बसवलं, मी दाराकडे बसलो. बाळाराम क्रेनजवळ थांबला. ट्रक सुरू झाला तशी ती आरशात मागे बघायला लागली.

"बाळू का नाय आला? त्याची गाडी बिघडली काय?"

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. कोणाचं तेल होतं, त्याला घरी एक लेक आहे, तेल कुठून कुठे गेलं, आणि आता आपण बसलोय ती गाडी कशावर चाललीय. ती ऐकत राहिली. पदराने डोळे पुसले.

"येडा हाय माजा," ती म्हणाली. "बापावर गेलाय."

मग तिने हात लांब करून भंवरलालच्या गिअरवरच्या हातावर ठेवला. "तू सावकाश चालव हां रे, बाळा. घरी लेक वाट बघतेय."

त्याला मराठी येत नव्हतं. त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही, फक्त गाडीचा वेग कमी केला.

"हां, मां," तो म्हणाला.